मधुमेही मातेचे बाळंतपण आणि साखरेचा पहारा



मधुमेह हा आता आपल्या घरी अधूनमधून येणारा पाहुणा राहिलेला नाही. तो घरातला एक माणूसच होऊन बसला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. पूर्वी हा पन्नाशीनंतरचा रोग मानला जाई. आज तो पंचविशी-तिशीतल्या लेकीसुनांना गाठतो, आणि काहींना तर गरोदरपणातच प्रथम उद्भवतो. म्हणून प्रसूतिगृहात एके काळी क्वचित दिसणारी मधुमेही बाळंतीण आज तेथे नित्य दिसू लागली आहे.

मी वैद्य नाही. माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. रुग्णालयांतील परिचारिका आणि आया यांच्या संघटनेचे काम करताना त्यांच्या तक्रारी समजून घ्याव्या लागल्या. त्यासाठी त्यांचे काम समजून घ्यावे लागले. आणि त्या ओघात हा विषय हाती आला. तेव्हा माझ्या बोलण्यातून कोणी औषधाचे माप घेऊ नये. ते डॉक्टरांनी सांगायचे. मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की मधुमेही स्त्रीच्या बाळंतपणात लागणारे औषध शंभर वर्षांचे जुने आहे, साखर मोजण्याचे यंत्र खिशात मावते. परंतु तासातासाला तिच्या खाटेपाशी येऊन रक्ताचा थेंब काढणारे, आकडा वाचणारे आणि त्याप्रमाणे हात चालवणारे माणूस नसेल, तर या दोन्हींचा उपयोग होत नाही. बाळंतपणातली साखर सांभाळणे हे मुख्यतः पहाऱ्याचे काम आहे. हा पहारा का लागतो, ते आता क्रमाने पाहू.

फाटक, माल आणि गेटपास

आपण खातो त्या भाकरीची, भाताची शेवटी साखर होते आणि ती रक्तातून सर्व शरीरभर फिरते. पण रक्तातली साखर ही गिरणीच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मालासारखी आहे. तो माल आत खात्यात जायचा तर गेटपास लागतो. स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन हा तो गेटपास. तो नसला, किंवा असूनही फाटकावर कोणी मानीनासे झाले, की माल बाहेर साचतो आणि आत यंत्रे उपाशी राहतात. मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार याच दोन अडचणींतून निघतात. पहिल्या प्रकारात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. दुसऱ्यात ते तयार होते, पण त्याचा अंमल चालत नाही, आणि पुढे पुढे ते पुरतही नाही.

गरोदरपणी यात एक तिसरा घटक येतो. तो म्हणजे वार. बाळाला अन्न पोचवण्याबरोबरच वार अनेक संप्रेरके तयार करून आईच्या रक्तात सोडते. आईच्या शरीराने सगळी साखर स्वतःच वापरून टाकू नये, बाळासाठी ती रक्तात शिल्लक राहावी, अशी निसर्गाची ही तजवीज. त्यामुळे इन्सुलिनचा अंमल कमी होतो आणि स्वादुपिंडाला जास्त काम करावे लागते. ज्यांचे स्वादुपिंड हा बोजा उचलू शकत नाही त्यांना गरोदरपणातला मधुमेह होतो. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना शेवटच्या महिन्यांत इन्सुलिन पूर्वीच्या दुप्पट, कधी त्याहूनही अधिक लागते. हे ध्यानात ठेवावे. कारण बाळंतपणानंतर काही मिनिटांतच हा हिशेब उलटतो.

कळा हे अंगमेहनतीचे काम आहे

आता कळा सुरू झाल्या. गर्भाशय हा स्नायू आहे, आणि मोठा बळकट स्नायू आहे. तो तासन्‌तास आवळतो आणि सैल होतो. हमालाने पोती चढवावीत, विणकराने माग चालवावा, तसेच हे काम आहे, आणि त्याला मध्ये जेवणाची सुट्टी नाही. १९८३ साली अमेरिकेत लॉइस जोव्हानोविक आणि चार्ल्स पीटरसन या संशोधकांनी इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही स्त्रियांच्या कळांच्या काळात साखरेची आणि इन्सुलिनची गरज मोजली. कळांना जोर आला, की वजनाच्या दर किलोमागे दर मिनिटाला सुमारे अडीच मिलिग्रॅम साखर पुरवावी लागते, असे त्यांना आढळले. साठ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हिशेब केला तर ही ताशी नऊ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर झाली. आणखी आश्चर्याची गोष्ट अशी, की या अवस्थेत बाहेरून द्यायच्या इन्सुलिनची गरज जवळजवळ शून्यावर आली होती. काम करणारा स्नायू गेटपासाची फारशी वाट पाहत नाही. तो माल ओढूनच घेतो.

पण प्रत्येकीचे असेच घडेल असे नाही. भीती, वेदना आणि जागरण यांमुळे शरीरात जी संप्रेरके उसळतात ती साखर वाढवतात. कळा लांबल्या, ताप आला, तरी ती वाढते. दिवस भरण्यापूर्वीच बाळंतपण होणार असे दिसले, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यांनीही साखर काही दिवस वर जाते. उलट अन्न बंद, उलट्या आणि जोरदार कळा यांमुळे ती खाली येते. दोन बाजूंनी दोर ओढला जात असताना मधली खूण कुठे आहे, हे पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

लक्षणांवरून ओळखू म्हणावे, तर तीही सोय नाही. साखर उतरली की घाम येतो, छाती धडधडते, हातपाय कापतात, गळून गेल्यासारखे होते, माणूस गोंधळते. आता मला सांगा, कळा देणाऱ्या कोणत्या बाईला घाम येत नाही? कोणती गळून जात नाही? साखर कमी झाल्याची सारी चिन्हे बाळंतपणाच्या चिन्हांत मिसळून जातात. अनुभवी सुईणीच्या डोळ्यालाही जे दिसणार नाही ते बोटाच्या टोकावरचा एक थेंब सांगतो.

पोटातल्या बाळाची बाजू

आईची साखर वाढली तर तिला त्या काही तासांत कदाचित विशेष काही वाटणार नाही. मग एवढी धडपड कशासाठी? ती बाळासाठी.

इन्सुलिनच्या शोधापूर्वी मधुमेही स्त्रीला सहसा दिवसच जात नसत, आणि गेले तर ती व तिचे बाळ दोघेही वाचणे कठीण असे. १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिनवर काम केले, जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याचे पेटंट शोधकांनी एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. औषधावर धन जोडण्याच्या आजच्या काळात ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. इन्सुलिन आले आणि मधुमेही माता वाचू लागल्या. परंतु त्यांची बाळे मात्र पुढे कित्येक वर्षे पोटातच किंवा जन्मतःच दगावत राहिली. बॉस्टनमध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी या स्त्रियांसाठी आयुष्य वेचले. १९४९ साली त्यांनी अशा गरोदर स्त्रियांचे आजाराच्या मुदतीनुसार आणि शरीरावर झालेल्या परिणामांनुसार वर्ग पाडले, आणि कोणाला किती जपायचे याचा अंदाज डॉक्टरांना येऊ लागला.

बाळावर आपत्ती येते ती कशी, याचा उलगडा १९५०च्या सुमारास कोपनहेगनच्या डॉ. यॉर्गन पेडरसन यांनी मांडला. तो समजायला सोपा आहे. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. म्हणून आईच्या रक्तात साखर जास्त झाली की बाळाकडेही जास्त जाते, आणि ती आवरण्यासाठी बाळाचे चिमुकले स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन भरपूर तयार करू लागते. महिनोन्‌महिने असे झाले की बाळ अंगाने भरते, खांदे रुंद होतात, बाळंतपण अडते. आणि मग नाळ कापली जाते. त्या क्षणी आईकडून येणारी साखर थांबते. बाळाचे इन्सुलिन मात्र तसेच चालू असते. मालाची आवक बंद झाली आणि उचल चालूच राहिली, तर गोदाम किती वेळ पुरणार? पहिल्या एक-दोन तासांतच बाळाची साखर खाली येते. फार खाली गेली आणि तशीच राहिली तर झटके येऊ शकतात, मेंदूला इजा होऊ शकते.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाळाच्या स्वादुपिंडाला ही सवय मुख्यतः गरोदरपणाच्या महिन्यांत लागते. शेवटच्या काही तासांत साखर कितीही काटेकोर ठेवली तरी आधीचे महिने पुसले जात नाहीत. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेला एक छोटा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कडक आणि सैल अशा दोन तऱ्हांनी साखर सांभाळून पाहिली, तेव्हा बाळांच्या पहिल्या साखरेत फरक पडला नाही. म्हणून अलीकडे काही ठिकाणी मर्यादा थोडी सैल धरतात. कारण फार ओढून धरले की आईचीच साखर घसरते. मर्यादा किती ठेवावी याविषयी वाद आहे. मोजत राहिले पाहिजे याविषयी नाही.

प्रसूतिगृहात काय करतात

पहारा सुरू होतो तो मुळात तपासणीपासून. आपल्या देशात भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गरोदर स्त्रीची पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखर तपासावयाची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त पाहतात. शंभर मिलिलिटरमध्ये १४० मिलिग्रॅम किंवा अधिक साखर निघाली तर गरोदरपणाचा मधुमेह धरतात. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषैया आणि त्यांचे सहकारी यांनी आग्रहाने पुढे आणलेल्या या पद्धतीचा एक गुण माझ्यासारख्याला विशेष वाटतो. तीसाठी उपाशीपोटी यावे लागत नाही. रोजंदारीवरची बाई एका खेपेत तपासून जाऊ शकते. दुसऱ्या दिवसाचा रोज बुडत नाही.

पुष्कळदा मधुमेही स्त्रीचा दिवस आधी ठरवून कळा आणतात, किंवा शस्त्रक्रिया ठरवतात. शस्त्रक्रिया असेल तर ती सकाळी पहिलीच घ्यावी, म्हणजे उपवास लांबत नाही. ठरलेल्या दिवशी सकाळचे इन्सुलिन नेहमीसारखे टोचायचे नसते. जेवण बंद झाल्यावर ते अंगावर येते. मात्र पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन पूर्ण बंद करणे घातक आहे. या स्त्रियांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन नसते. ते काही तास थांबले तर रक्तात आम्ल साचते आणि आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. तेव्हा कोणाचे थांबवायचे, कोणाचे निम्मे करायचे, हे आधी लिहून ठेवलेले असावे. मध्यरात्री डॉक्टरांना शोधत फिरण्याची ती गोष्ट नाही.

कळांना जोर आला की दर तासाला साखर पाहतात. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शनात ती ७२ ते १२६ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवावी असे आहे. आपल्या सरकारी सूचनांत इन्सुलिनवर असलेल्या स्त्रीची साखर दर दोन तासांनी पाहून, सलाईनमध्ये आकड्याप्रमाणे इन्सुलिन मिसळण्याची सोपी कोष्टकवजा रीत दिली आहे. साधन असेल तेथे दोन वेगळ्या नळ्या लावतात. एकीतून ग्लुकोज जाते. दुसरीतून पंपाच्या सुईनळीतले इन्सुलिन जाते. त्यात बहुधा ५० मिलिलिटर मिठाच्या पाण्यात ५० युनिट, म्हणजे मिलिलिटरला एक युनिट असे मिश्रण असते. शिरेतून दिलेले इन्सुलिन काही मिनिटांतच निष्प्रभ होते. हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. माप चुकले तर लगेच सुधारता येते. पण नळी निसटली, सुईनळी रिकामी झाली आणि कोणी पाहिले नाही, तर पहिल्या प्रकारच्या रुग्णाजवळ थोड्याच वेळात इन्सुलिन उरतच नाही.

आपल्याकडच्या एका गैरसमजाविषयी येथे बोलले पाहिजे. बाटली टांगली की आपण तिला सरसकट ‘सलाईन’ म्हणतो. वास्तविक सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. त्यात साखर नसते. ग्लुकोजची बाटली निराळी. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजमध्ये शंभर मिलिलिटरमागे पाच ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम. बाई थकली, तिला ताकद यावी म्हणून नातेवाईक “ग्लुकोज लावा, ग्लुकोज लावा” असा धोशा धरतात. ताकदीसाठी भराभर सोडलेली ती बाटली आईची साखर वर नेते, तिच्यामागून बाळाचे इन्सुलिन वाढते, आणि जन्मल्यावर बाळाची साखर कोसळते. मधुमेह नसलेल्या आईच्या बाबतीतही असे घडू शकते. ग्लुकोज वाईट नाही. ताशी दोन चमच्यांची गरज आपण मघाशी पाहिलीच. ते मापाने, ठरलेल्या गतीने, मोजत मोजत गेले पाहिजे.

मोजण्याचीही काही शिस्त आहे. बोटाला लाडवाचा चिकटपणा किंवा ग्लुकोजचा ओघळ लागला असेल तर आकडा खोटा मोठा येतो. म्हणून बोट धुऊन, पुसून मग टोचावे. ज्या हाताला ग्लुकोज लावले आहे त्या हाताचे रक्त घेऊ नये. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण खोट्या आकड्यावर दिलेले इन्सुलिन खरे असते.

वार पडल्यानंतर

बाळ रडले, वार पडली, की घरच्यांच्या दृष्टीने संकट टळले. बाहेर पेढे वाटणे सुरू होते. साखरेच्या दृष्टीने मात्र हीच सर्वांत कसोटीची घडी असते. ज्या वारेमुळे इन्सुलिन दुप्पट लागत होते ती वार आता शरीराबाहेर पडली. तिची संप्रेरके झपाट्याने ओसरतात. इन्सुलिनची गती पूर्वीचीच राहिली तर आईची साखर धाडकन उतरते. म्हणून वार पडताच पंपाची गती सामान्यतः निम्म्यावर आणतात. ज्यांना केवळ गरोदरपणाचा मधुमेह होता त्यांचे इन्सुलिन बहुधा बंदच होते. पहिल्या प्रकारच्या स्त्रिया दिवस जाण्यापूर्वी घेत होत्या तेवढ्या, किंवा त्याहूनही कमी मापावर येतात. पाजण्यानेही साखर खर्च होते, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्या आईने पाजण्यापूर्वी थोडे खाणे आणि रात्री उशाशी खायला ठेवणे शहाणपणाचे.

आणि हीच घडी कामाच्या पाळीबदलाशी गाठ पडली तर काय होते, याची एक हकीकत सांगतो. गाव आणि रुग्णालय यांची नावे घेण्याचे कारण नाही. संध्याकाळी पावणेआठला एक बाळंतपण झाले. आठला पाळी बदलली. “पंप निम्मा करायचा आहे” हा निरोप तोंडी दिला गेला आणि त्याच गडबडीत दुसऱ्या खाटेवरची बाई आत न्यावी लागल्याने विसरला गेला. बाळंतीण झोपेला लागली. थकली आहे, झोपू द्या, असे सासूबाई म्हणाल्या. फरशी पुसायला आलेल्या आयाबाईंचा हात सहज तिच्या हाताला लागला, तो थंड घामाने ओला. त्यांनी आरडाओरडा केला. साखर ३८ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिले आणि ती शुद्धीवर आली. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरांना मेमो मिळाला. त्या रात्री अकरा बायांमागे दोन सिस्टर होत्या, हे मेमोत कोठेही लिहिले नव्हते. आम्ही दोन मागण्या केल्या: साखरेचा छापील तक्ता, ज्यावर पाळी सोपवताना दोघींनी सही करायची, आणि रात्री तिसरी परिचारिका. तक्ता आठवड्यात आला. तिसरी परिचारिका यायला चौदा महिने लागले.

बाळाचा पहिला दिवस

आता बाळाकडे वळू. त्याच्यासाठी पहिले औषध आईजवळच असते. जन्मल्यापासून तासाभराच्या आत, शक्य तर अर्ध्या तासात, त्याला छातीशी घ्यावे आणि नंतर दर दोन-तीन तासांनी पाजावे. पहिला चीक घट्ट, पिवळसर आणि थोडाच असतो. तो पिळून टाकण्याची चाल अजून काही घरांत आहे. कोणत्याही बाळाच्या बाबतीत ती वाईटच, आणि मधुमेही आईच्या बाळाच्या बाबतीत तर त्याची शिदोरीच फेकून देण्यासारखी आहे. तसेच मध चाटवणे किंवा साखरेचे पाणी पाजणे करू नये. मधातून तान्ह्या बाळाला भयंकर विषबाधा होऊ शकते. आणि साखरेच्या पाण्याने घटकाभर चढलेला आकडा पुन्हा घसरतो, शिवाय बाळ छातीशी लागेनासे होते. बाळाला उबेत ठेवावे, कारण गारठलेले बाळ ऊब राखण्यासाठी साखर जाळते.

सरकारी सूचनांप्रमाणे अशा बाळाची साखर जन्मानंतर एका तासाने आणि मग दर चार तासांनी, पुढच्या पाजण्याआधी, लागोपाठ चार आकडे ठीक येईपर्यंत पाहावयाची असते. ४५ मिलिग्रॅमच्या खालचा आकडा धोक्याचा मानतात. बाळ थरथरते, मलूल पडते, ओढून पीत नाही, ही लक्षणे. पण कित्येक बाळे काहीच लक्षण दाखवत नाहीत. न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे डेबोरा हॅरिस, जेन हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी साखर उतरलेल्या बाळांच्या गालाच्या आतून ग्लुकोजची जेली चोळली आणि पाजणे चालू ठेवले. पुष्कळ बाळांची साखर तेवढ्यावर सावरली. स्वस्तातल्या स्वस्त वस्तूने हे काम केले. पण ती चोळणारा हात त्या वेळी तेथे हजर होता म्हणून केले.

पहारा कोणी करायचा?

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना कामाचा हिशेब तासांत करण्याची सवय असते. तो येथेही करून पाहू. हात धुणे, बोट टोचणे, आकडा वाचून तक्त्यावर लिहिणे, पंपाची गती बदलणे आणि बाईला चार शब्द बोलणे, याला दहा मिनिटे धरा. अशा तीन बाया कळा देत असतील तर दर तासातला अर्धा तास एकट्या साखरेला गेला. उरलेल्या अर्ध्या तासात बाळाचे ठोके ऐकायचे, रक्तदाब पाहायचा, दुसऱ्या बायांकडे बघायचे. हे एका माणसाच्याने होणारे नाही. मग तक्त्यावर आकडा पडतो, पण तो तासाभराने पडतो की तीन तासांनी, हे विचारण्यात अर्थ राहत नाही. रुग्णालयाला देणगीदाराने यंत्र दिले की त्याचा फोटो छापून येतो. रात्रीच्या पाळीला एक माणूस वाढले तर कोणी हार घालीत नाही. पण आज अडले आहे ते या माणसावाचून.

माता होणाऱ्या स्त्रीचा भार समाजाने उचलावा, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ साली झाला आणि त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात १९२८ साली पाठिंबा दिला होता. बाळंतिणीच्या रजेचा आणि वेतनाचा प्रश्न जसा सार्वजनिक ठरला, तसाच तिच्या खाटेपाशी रात्री किती माणसे असावीत हा प्रश्नही सार्वजनिक आहे. नगरपालिकेच्या प्रसूतिगृहाचे अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा आपण तो विचारला पाहिजे.

घरच्यांच्या हाती असलेल्याही काही गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करतात. रीत मायेची आहे, पण तपासणी सासरच्या शहरात आणि बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, असे झाले की आठ महिन्यांच्या नोंदी मागेच राहतात. रात्री दोन वाजता आलेल्या बाईला मधुमेह आहे हेच नव्या डॉक्टरांना ठाऊक नसते. म्हणून लेक माहेरी निघाली की साड्यांच्या आधी तिचा केसपेपर, साखरेची वही आणि इन्सुलिनचे माप लिहिलेला कागद पिशवीत पडला पाहिजे. आणि कळा सुरू होण्याच्या पुष्कळ आधी एकदा तेथील रुग्णालयात जाऊन ते दाखवले पाहिजे.

दाखल करताना चार प्रश्न अदबीने विचारावेत. साखर किती वेळाने पाहणार? आजचे इन्सुलिन कसे द्यायचे हे कागदावर लिहिले आहे का? वार पडल्यावर ते किती कमी करायचे आहे? बाळाची साखर पहिल्यांदा केव्हा पाहणार? हे प्रश्न विचारणे म्हणजे सिस्टरवर अविश्वास दाखवणे नाही. सोबतीला बसलेल्या माणसाने घड्याळाकडे लक्ष ठेवले, बाळंतीण नको इतकी शांत झाली किंवा घामाने थबथबली तर लगेच हाक मारली, तर दोन डोळ्यांचे चार होतात. आणि घरी परतल्यावर एक गोष्ट विसरू नये. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीची सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावयाची असते, कारण पुढील आयुष्यात तिला मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. बारसे झाले, बाळाच्या लशी सुरू झाल्या, की आईची तपासणी मागे पडते. बाळाला लस टोचायला नेऊ त्याच दिवशी आईचेही रक्त तपासून घ्यावे, म्हणजे निराळी खेप पडत नाही आणि निराळा रोजही बुडत नाही.